गुहेत राक्षस पाळणारा मुलगा

मूल गेमच्या आहारी गेलंय का, हे विचारायला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांना गेमचं नावही माहीत नसतं. या आईला ते माहीत होतं: 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे जमिनीखाली खणून बुटक्यांचा किल्ला वसवायचा कॉम्प्युटर गेम. अकरावीतला मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत 'गुहा खणतो आणि राक्षस पाळतो', अशी तक्रार होती. त्याच्या डोक्यावर परिणाम होईल का, ही खरी भीती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तोवर 'हो-नाही'वर भागवणाऱ्या मुलाला मी विचारलं, "राक्षस पाळतोस म्हणजे नेमकं काय करतोस?" मग तो थांबेचना.

खेळाआधी जग तयार होतं, तेव्हाच भूगर्भातल्या गुहांचे थर किती, त्या किती मोकळ्या, पाणी किती, हे तो ठरवतो. एरवी थर तीन असतात. खणताना पहिली गुहा फुटली की वर खणलेल्या मातीवरही शेवाळ उगवू लागतं. मग चरणाऱ्या जनावरांना जमिनीखालीच कुरण मिळतं. गुहेच्या तोंडाशी तो पिंजऱ्याचे सापळे लावतो. महाकाय कोळी जाळं फेकतो, त्याच्या विषाने बुटके लुळे पडतात, म्हणून तिथे भिंत आधी. "आणि पकडलेलं जनावर माणसाळवलं तरी शिकवणी थांबली की ते पुन्हा रानटी होतं, मॅडम."

"एवढं नियोजन केमिस्ट्रीचं केलं असतं तर!" आई पुटपुटली. तिचंही खोटं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण १२ महिने चालून रोजचं जगणं विस्कटणं, असे त्याचे निकष. हा मुलगा कॉलेजला जात होता, मित्र होते, जेवणावर रोज आडवा हात मारत होता. बिघडली होती ती झोप. विकाराचा शिक्का मारायचं कारण नव्हतं, पण झोपेचं दुखणं मला किरकोळ वाटलं नाही.

इथे गेमचा स्वभाव उपयोगी पडला. तो एकट्याने खेळतात. स्पेसबार दाबला की सगळं थिजतं. ऑनलाइन वाट बघणारी टीम नाही, रोजच्या हजेरीचं बक्षीस नाही. त्यामुळे 'मध्येच बंद नाही करता येत' ही सबब चालणार नव्हती, हे त्यानेच हसत कबूल केलं. अडचण वेगळी होती: या खेळात जिंकून संपणं नाहीच, तेव्हा थांबायची जागा आपणच ठरवावी लागते. त्याने साडेदहा ठरवले: पॉज, सेव्ह, लॅपटॉप हॉलमध्ये. आईने स्वयंपाकघरातून ओरडणं सोडायचं आणि रविवारी थोडा वेळ शेजारी बसून त्याचा किल्ला बघायचा.

सुरुवातीला कुरबुरी झाल्या. ऐन सव्वादहाला गुहेतून एखादा अक्राळविक्राळ प्राणी वर यायचाच! शनिवारी अजूनही बारा वाजतात; तेवढं मी चालू दिलं. कॉलेज बुडू लागलं, खेळण्यावरून खोटं बोलणं सुरू झालं किंवा लॅपटॉप बंद करताना आदळआपट वाढली, तर पुढच्या भेटीची वाट न बघता या, असं आईला सांगून ठेवलं आहे.