तो हळू का वाचतो

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरी पूर्ण करून चौथीत जाणार आहे. सुट्टीत त्याचे मराठी सुधारावे म्हणून मी दादरहून अकरा पुस्तके आणली. संध्याकाळी मी चपात्या करत असताना त्याने दाराशी बसून मोठ्याने वाचायचे आणि मी तिथूनच चुका सुधारायच्या, असे ठरवले आहे. ‘चाक’, ‘चूल’, ‘जाळे’ असे साधे शब्दही तो हिंदीसारखे उच्चारतो. हल्ली तर इतके हळू वाचतो की कुकरच्या आवाजात मला ऐकूही येत नाही. दहा मिनिटे झाली की खाली खेळायला पळतो. त्याचे वडील आणि आजी लक्ष घालत नाहीत. त्याला वाचनाची गोडी कशी लावावी?
— एक आई, परळ

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मी कुकरच्या त्या वाक्यापाशी अडले. ते तुम्ही जाता जाता, आणखी एक तक्रार म्हणून लिहिले आहे. मला मात्र ते वाचून वाईट वाटले. जिन्यातून मित्रांना हाका मारताना जो मुलगा सगळी इमारत डोक्यावर घेत असेल, तोच पुस्तक हाती आले की आवाज खाली आणतो, कारण आपला तुमच्यापर्यंत पोहोचलेला प्रत्येक शब्द तपासला जातो हे त्याला कळून चुकले आहे. आवाज पोहोचला नाही, तर चूकही पोहोचत नाही. कुकरची शिट्टी होते तेवढाच वेळ तो निर्धास्तपणे वाचत असेल.

आणि ज्यांच्यासाठी तुम्ही लाटणे थांबवून त्याला टोकता, त्या चुका तरी त्याच्या आहेत का? मराठीत ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, एक तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून होणारा, आणि दुसरा दंततालव्य, म्हणजे जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवून होणारा, पण लिपीत दोन्हींसाठी अक्षर एकच आहे. ‘चार’मधला ‘च’ वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा; ‘झेंडा’ आणि ‘झाड’ यांचेही तसेच. ‘जग’ हा शब्द तर दोन्ही प्रकारे म्हणता येतो : एका उच्चाराने त्याचा अर्थ दुनिया, तर दुसऱ्याने ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. कागदावर या फरकाची कोणतीही खूण नसते. तुम्हाला आणि मला तो कळतो, कारण हे शब्द आई-आजीच्या तोंडून लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आले आहेत. तुमच्या मुलाचा दिवस शाळेत इंग्रजीत जातो आणि, मुंबईतल्या बहुतेक मुलांप्रमाणे, खाली खेळताना हिंदीत. आणि हिंदीतल्या ‘च’ला एकच उच्चार आहे. समोरच्या अक्षराला तो आपल्या कानांच्या ओळखीचा आवाज देतो. याहून प्रामाणिकपणे कोणी कसे वाचावे?

तेव्हा उद्यापासून त्याच्याकडून वाचून घेणे बंद करा आणि तुम्ही त्याला वाचून दाखवा. जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत एवढेच करा. चपात्या आधी उरकून घ्या किंवा जेवायला अर्धा तास उशीर होऊ द्या, पण गॅस बंद करून, हात पुसून, त्याच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ बसून पंधरा मिनिटे मोठ्याने वाचा. पुस्तक दोघांच्या मांडीवर असू द्या, म्हणजे तुमच्या तोंडून ‘चूल’ कानांवर पडेल तेव्हा तो शब्द त्याच्या डोळ्यांसमोरही असेल. या वयाच्या मुलांना स्वतः वाचून जेवढे समजते, त्याहून बरेच अधिक ऐकून समजते. म्हणून त्याला अजून पेलवत नसलेली गोष्टही तुम्ही बिनदिक्कत वाचू शकता. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका, शब्दार्थ विचारू नका. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. धडे आणि प्रश्नोत्तरे त्याला तिथे मिळतील.

अकरा पुस्तकांतले कोणते वाचायचे ते त्याला ठरवू द्या, आणि त्याने रोज तेच पुढे केले तर रोज तेच वाचा. आवडलेल्या गोष्टीतले वाक्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल तुमच्याआधीच म्हणून टाकते, आणि त्या वेळी त्याचा ‘च’ बहुधा तुमच्यासारखाच निघतो, कारण ते वाक्य त्याने कानांनी घेतलेले असते. आणखी पुस्तके विकत आणण्याची घाई नको. ही संपलीच, तर बालभारती १९७१ पासून काढत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे अंक मिळवा; त्यातल्या गोष्टी एका बैठकीत वाचून होतात.

घरातल्या इतर दोघांचा विषय मी बाजूला ठेवते. तुम्ही वाचत असताना आजी येऊन बसल्या तर बसू द्या, नाही आल्या तर बोलावू नका.

कधीतरी तोच म्हणेल की हे पान मी वाचतो. तेव्हा पुस्तक त्याच्या हातात द्या. ‘चूल’ पुन्हा हिंदी वळणाची होईल. त्याला टोकू नका. पुढे तुमच्या पाळीला तो शब्द आला की तुम्ही तो नेहमीसारखा म्हणा, तेवढे पुरे आहे. आणि तो वाचत असेल तेव्हा कुकर लावू नका.