प्लाझ्मातला खाडा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुलीनं विचारलंय: प्लाझ्मातल्या (म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतल्या) 'इलेक्ट्रॉन होल'ला, इलेक्ट्रॉन कमी पडलेल्या टापूला, मराठीत काय म्हणू? भोक, छिद्र, पोकळी की विवर?

चारही नकोत. भोक काय, छिद्र काय, ते कशाला तरी पडतं, मडक्याला नाहीतर भिंतीला. पोकळी म्हटलं की निर्वात जागा डोळ्यांपुढं येते. विवर म्हटलं की मन थेट लोणारला जातं, आणि लोणारचं विवर बाहेरून येऊन आदळलेल्या उल्केनं पाडलंय. इथं बाहेरून कोणी काही पाडत नाही.

तुझ्या घरच्यांना विचार. कपाशी डोबली, आठ-दहा दिवसांनी पाहिलं, तर ओळीत मध्येच दोन-चार जागी उगवलंच नाही. त्याला आपल्याकडं खाडे पडले म्हणतात. "यंदा लय खाडे पडले बाप्पा!" मजुराचाही खाडा पडतो, ज्या दिवशी तो यायला हवा होता आणि आला नाही. म्हणजे खाडा ही नुसती रिकामी जागा नव्हे. जे असायला हवं होतं, त्याचं नसणं म्हणजे खाडा. होलचा अर्थ नेमका हाच आहे.

अर्धवाहकातल्या (सिलिकॉनसारख्या सेमीकंडक्टरमधल्या) होलला तर हा शब्द मापून शिवल्यासारखा बसतो. एका इलेक्ट्रॉनची जागा सुटते, शेजारचा तिथं येतो आणि खाडा शेजारी सरकतो. बाजूचं रोप उपटून खाडा भरावा, तसं.

प्लाझ्मातला होल मात्र वेगळा, दोन्हींची गल्लत करू नकोस. प्लाझ्मा म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) यांचा खेळ. (मराठी विश्वकोशात त्याला 'आयनद्रायू' म्हटलंय. शब्द घडीव आहे, पण बोलण्यात रुळला नाही.) त्यात एखाद्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन कमी पडले की तिथं धन विद्युतभार वरचढ होतो. पलीकडून येणारे इलेक्ट्रॉन तिकडं ओढले जातात आणि तेवढ्या टापूतून जोरात पळतात. उतारावर दांडातलं पाणी पळायला लागलं की त्याची धार पातळ होते, तसे तेही तिथं विरळ होतात. मंद इलेक्ट्रॉन अडकून मागंपुढं हेलकावे घेत राहतात, पण तूट भरून निघेल एवढे ते नसतात. अशा रीतीनं खाडा स्वतःलाच टिकवतो, वर पुढंही सरकतो. अशा रचना गणितात बसतात हे बर्नस्टाईन, ग्रीन आणि क्रुस्कल या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये दाखवलं.

कोणी म्हणेल, मग भोवरा का नको? मोह मलाही झाला. आडव्या अक्षावर जागा आणि उभ्या अक्षावर वेग मांडला, तर अडकलेले इलेक्ट्रॉन खरंच गरगर फिरताना दिसतात आणि मधोमध विरळ डोळा उरतो. पण ते फिरणं आलेखातलं. प्रत्यक्षात ते नुसते येरझारा घालतात. भोवरा म्हटलं की वाचक पैनगंगेच्या पुरातला भोवरा पाहणार आणि फसणार.

हे नुसतं कागदावरचंही नाही. पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीतून (सूर्याच्या उलट बाजूला लांब ताणलेल्या तिच्या चुंबकक्षेत्रातून) एक विद्युत-गोंगाट बरीच वर्षं नोंदला जात होता. जपानच्या जिओटेल उपग्रहानं तो बारकाईनं टिपला, तेव्हा १९९४ मध्ये कळलं की गोंगाट कसला, सुट्या सुट्या स्पंदांची ती रांग आहे. प्रत्येक स्पंदात विद्युतक्षेत्र आधी एका बाजूला झुकतं, शून्यावर येतं आणि मग दुसऱ्या बाजूला झुकतं. सगळं काही मिलिसेकंदांत. उपग्रहावरून खाडा सरकून गेल्याची ती खूण.

तेव्हा बिनधास्त 'इलेक्ट्रॉन-खाडा' लिही. क्रियापदंही आपसूक मिळतात: खाडा पडला, खाडा सरकला. विरळ प्लाझ्मात कणांच्या टकरा जवळपास होतच नाहीत, म्हणून तो टिकतो. टकरा वाढल्या की इतर इलेक्ट्रॉन त्यात ढकलले जातात. तेव्हा लिहायचं, खाडा भरला.