पॅथॉलॉजी पाठ करू नको, आजार समजून घे

बघ, एमबीबीएसच्या सेकंड इयरला आलास की जो तो सांगतो पॅथो, म्हणजे पॅथॉलॉजी, आजारानं शरीरात काय बिघडतं तो विषय, पाठ कर, त्याचं अजिबात ऐकू नको. कुठलाही आजार घेतलास की आधी विचार, कारण काय, त्यानं पेशीत काय बिघडलं, अवयव कसा दिसायला लागला आणि पेशंटला त्रास काय होतो.

आता टीबीच घे की. जंतू मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीत, शिरतो पण तिथं मरत नाही, मग टी सेल्स, म्हणजे रोगप्रतिकाराच्या पेशी, या मॅक्रोफेजना चेतवतात, मॅक्रोफेजच्याच लांबट एपिथेलॉइड पेशी होतात, भोवती लिम्फोसाइटचं, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचं, कडं, मधे केसिअस नेक्रोसिस, म्हणजे पनीरासारखा मेलेला भाग, आणि लँगहॅन्स जायंट सेलमध्ये, म्हणजे मॅक्रोफेज एकत्र येऊन झालेल्या मोठ्या पेशीत, न्यूक्लियस घोड्याच्या नालासारखे कडेला लागलेले. हे सगळं चित्र, पुस्तक मिटून, आठवून पेन्सिलनं काढ. मायक्रोस्कोपखाली स्लाइड आधी लो पॉवरलाच, म्हणजे कमी मोठं करून, नीट बघायची.

सांगली सिव्हिलला पोस्टिंग असलं की जो पेशंट बघितलास त्याचंच पॅथो संध्याकाळी रूमवर वाच, सिरोसिसचं, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेल्या पेशंटचं, पाणी भरलेलं पोट एकदा हातानं तपासलंस की पोर्टल हायपरटेन्शन, म्हणजे लिव्हरकडं रक्त नेणाऱ्या शिरेतला वाढलेला दाब, डोक्यातनं जात नाही बघ. नुसता हायलायटर फिरवून काय होत नाही, दोन दिवसांनी परत आठवून लिही. नाशिक युनिव्हर्सिटीचे, म्हणजे आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे, मागचे पेपर आत्तापासनंच जवळ ठेव.