टोकन देण्याआधी एवढं वाच

बाळा,

काल फोनवर तुझा आवाज लय खचलेला वाटला. ट्रॅक्टरसाठी चार शोरूम फिरलास आन एकानेही धड किंमत सांगितली नाही म्हणालास, म्हणून रात्री लिहायला बसलो.

तुझं काही चुकलं नाही. आत पाय ठेवला की जमीन किती, डाऊन पेमेंट किती आणणार हेच विचारतात, काम काय करायचंय ते कोणी विचारत नाही, आन यार्डात जो उभाय तोच तुझ्यासाठी बेस्ट. तुला द्राक्षाच्या ओळीत फिरणारा अरुंद पाहिजे आन ते ४५ एचपी गळ्यात मारतात. सेल्समन सांगतो तो एचपी इंजिनचा असतो, ब्लोअर (फवारणीचं यंत्र), रोटाव्हेटर चालतात पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आन तिथे ताकद त्यापेक्षा कमी मिळते. मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी टेस्टिंग संस्था आहे, तिच्या रिपोर्टात पीटीओची ताकद, लिफ्ट किती उचलते, डिझेल किती लागतं सगळं मोजलेलं असतं, त्या मॉडेलचा रिपोर्ट मागायचा.

कोटेशन लेखीच घे. तोंडी भावात पासिंग, इन्शुरन्स, हूड, बंपर काहीच धरलेलं नसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तो कागदावर दिसला पाहिजे. व्याज "९ टक्के फ्लॅट" म्हणाले तर थांब, फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच लावतात. ५ लाखाला ५ वर्षांत सव्वादोन लाख व्याज, सहामाही हप्ते धरले तर खरा दर १५ च्या आसपास जातो. बँकेत विचारून ये आधी.

पण किमतीच्याही आधी मेकॅनिकचं विचार. २०१९ च्या अवकाळीत माझी बाग फुलोऱ्यात होती, रोज पाऊस, फवारणी एक दिवस पण चुकवून चालणार नव्हती आन नेमकी क्लच प्लेट गेली. ज्यांनी पाडव्याला पेढे भरवून चावी दिली होती ते फोनच उचलेनात, मग उद्या येतो, परवा येतो, पार्ट नाशिकहून येतोय, असे सहा दिवस गेले. शेजाऱ्याचा ब्लोअर मिळेपर्यंत डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, घडांवर बसली होती. ती बाग बघून तुझी मामी बांधावर बसून रडली, मला अजून ते विसरता येत नाही. म्हणून सांगतो, शोरूममधून निघालास की मागच्या वर्कशॉपमध्ये जा, तिथे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना विचार किती दिवस झाले गाडी लावून, पार्ट मिळतो का. ते खरं सांगतील.

अनुदानासाठी महाडीबीटीत, सरकारी पोर्टलवर, अर्ज केलाय ना? मग पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल करू नको, "अनुदान नंतर बसवून देऊ" म्हणणाऱ्याचं ऐकू नको, अनुदान जाईल. आन मुहूर्ताची घाई लावतील, डेमो स्वतःच्या रानात, स्वतःचा ब्लोअर लावून झाल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

बुधवारी मी मोकळा आहे, सकाळी नऊला स्टँडवर थांब, वर्कशॉपला दोघं मिळून जाऊ.

तुझा मामा