वाचकांचे प्रश्न : दोन विजेत्यांचा करंडक

प्रश्न : माझ्या आजोबांनी सोलापूरच्या गिरणीत असताना वहीत चिकटवलेल्या एका कात्रणात भारत आणि पाकिस्तान हे कोलंबो येथील फुटबॉल स्पर्धेचे संयुक्त विजेते असल्याचे लिहिले आहे. अंतिम सामना बरोबरीत सुटला होता का? आणि आजची ‘सॅफ’ (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ) स्पर्धा म्हणजे तीच का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या हाती लागलेले कात्रण जपून ठेवावे, कारण ते ज्या स्पर्धेचे आहे तिची आठवण आज फार थोड्यांना आहे. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन यांच्या राष्ट्रीय संघांची ही चौरंगी स्पर्धा 1952 ते 1955 अशी चारच वर्षे झाली. कोलंबो, रंगून, कलकत्ता आणि ढाका ही तिची यजमान शहरे. ढाका त्या वेळी पूर्व पाकिस्तानात होते.

या स्पर्धेत अंतिम सामनाच नसे. प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी एकेकदा खेळे, म्हणजे सामने एकूण सहा होत. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण मिळे व गुणतक्त्यात जो वर राहील तो विजेता ठरे. 1952 मध्ये भारत-पाकिस्तान सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, अखेरीस दोघांचे गुणही समान झाले आणि करंडक वाटून देण्यात आला. फाळणीला पाच वर्षेही झालेली नसताना या दोन देशांचे राष्ट्रीय फुटबॉल संघ प्रथमच समोरासमोर आले ते याच स्पर्धेत, त्यामुळे त्या बरोबरीला अर्धे यश म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. पुढील तिन्ही वर्षे तर भारत निर्विवाद विजेता ठरला आणि त्यातले शेवटचे विजेतेपद त्याने ढाक्यात, म्हणजे पाकिस्तानच्याच भूमीवर मिळवले.

हे यश नेमके किती मोठे, हे त्या काळाकडे पाहिल्यावरच कळते. 1951 च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला 1-0 असे हरवून सुवर्णपदक जिंकले होते, मात्र पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला 10-1 असा धुव्वा उडवला आणि 1954 मध्ये मनिलाच्या आशियाई स्पर्धेत आपण गटातच गारद झालो. अशा चढउतारांत शेजाऱ्यांशी दरवर्षी होणाऱ्या या लढतींत भारताने आपले स्थान सोडले नाही, ही गोष्ट माझ्या मते इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी. आपल्या शेजारच्या हैदराबादचा यात मोठा वाटा होता. तेथील पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स करंडक जिंकला होता आणि त्या काळच्या राष्ट्रीय संघात हैदराबादचे अनेक खेळाडू असत. सोलापूरकरांनी या खेळाडूंना विसरू नये, असे मनापासून वाटते.

‘सॅफ’ ही मात्र वेगळी स्पर्धा आहे. तिची सुरुवात 1993 मध्ये लाहोरला झाली. पहिल्या वर्षी भारत, श्रीलंका, नेपाळ आणि पाकिस्तान असे चार संघ होते आणि गुणतक्त्यावरूनच भारत विजेता ठरला. दोन्ही स्पर्धांत एवढे साम्य असले, तरी जुन्या स्पर्धेतला ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, ‘सॅफ’चा सदस्य नाही.