लाडवाचं कडवं तसंच राहू दे

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तू वाचून दाखवलेल्या कवितेवर कोण काय बोललं ते लिहून पाठवलंस. सगळ्यांचं ऐकून कविता बदलायला निघालीस, म्हणून हे घाईनेच लिहितोय.

तुझ्या कवितेत आजोबांच्या तेराव्याला चार वर्षांचा नातू पंगतीत विचारतो, ‘आजोबांचा लाडू ठेवलाय ना?’ आणि स्वतः आणखी एक मागून घेतो. ‘मूल इतकं कोरडं कसं?’ असं विचारणाऱ्यांना रडणारं मूल हवं होतं. ते देऊ नकोस. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी हंगेरीतल्या मुलांवरचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोप वाटते, असं त्यांना दिसलं. गेलेला माणूस यायचाच असेल, तर त्याचा लाडू नको ठेवायला? तुझ्या कवितेतला नातू वाट बघतोय गं.

इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थच्या १७९८ सालच्या ‘वी आर सेव्हन’ या कवितेतली आठ वर्षांची पोरही अशीच. दोन भावंडं गेलेली, तरी ‘आम्ही सात’ म्हणते. त्यांच्या थडग्यांपाशी बसून मोजे विणते, रात्रीचं जेवणही तिथे नेऊन खाते. मोठा माणूस हिशेब समजावून थकतो, ती ऐकत नाही. तुझे नाराज श्रोते त्या माणसाच्या बाजूचे.

‘हे तुमच्या घरचं का?’ असं कुणी विचारलं, तर त्याला उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांची ‘नववधू प्रिया मी बावरते’ कुणी सासरी निघालेल्या मुलीची म्हणून ऐकतं, कुणी त्यात मरण वाचतं. दोन्ही वाचनं तिच्यात मावतात.

मला सगळ्यांत मोलाच्या वाटल्या त्या आजी, ज्यांना तू पत्रात दोन ओळींत उरकलंस. कवितेबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. लहानपणी धाकटा भाऊ वारला, त्याला नेलं त्या दिवशी शेजारच्यांनी त्यांना पत्ते खेळायला बसवलं, त्या डाव जिंकल्या आणि खूश झाल्या. तो आनंद त्यांना अजून टोचतो. हे त्यांनी तुझ्या लाडवानंतर चारचौघांत सांगितलं. कवितेला याहून मोठी दाद मी तरी ऐकलेली नाही.

त्या दहावीतल्या मुलाचं मात्र ऐक. ‘शेवट मोठ्यांनी लिहिल्यासारखा वाटतो’ हे त्याने नेमकं पकडलं. नातू आकाशाकडे बघतो आणि त्याला सगळं उमगतं? चार वर्षांच्या पोराला नाही उमगत. ते कडवं काढ आणि लाडवाशीच थांब.

दुरुस्त प्रत रविवारच्या आत पाठव. त्याआधी आजींकडे एकदा जाऊन ये, वही न घेता. त्यांचं बोलणं अर्धंच राहिलंय.

तुझा,
काका