‘खापरी’ हा शब्द आला कुठून?

प्रश्न : २५ मार्च रोजी आमच्या शाळेत गुलामगिरीच्या बळींचे स्मरण म्हणून तक्ते लावले होते. सगळे तक्ते अमेरिकेतील कापसाच्या मळ्यांचे होते. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एका सावळ्या मुलाला वर्गमित्रांनी ‘खापरी’ म्हणून चिडवले आणि तो डबा न उघडताच बसून राहिला. या विषयाशी गोव्याचा काही संबंध आहे का? आणि या शब्दाविषयी मुलांना काय सांगावे?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच शब्दात दडलेले आहे. ‘खापरी’ हे पोर्तुगीज ‘काफ्र’चे आपल्याकडचे रूप असून त्याचे मूळ अरबी ‘काफिर’ हे आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे अरब व्यापारी इस्लाम न मानणाऱ्या स्थानिकांना काफिर म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला आणि मोझांबिकहून जहाजांत भरून आणलेल्या माणसांना तेच नाव चिकटले. (‘काफ्रियाल’ चिकनच्या नावातही तोच शब्द आहे, हे ताटावर बसताना कुणाच्या ध्यानात येत नाही.) बाप्तिस्म्याच्या वेळी या माणसांना नवे नाव मिळे, त्यामुळे आईबापांनी ठेवलेले नाव बहुधा कागदावर येतच नसे. ज्यांचे स्मरण करायचे त्यांची नावेच हाती नाहीत, ही मला या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट वाटते.

यान हुयगेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. रुआ दिरैता, म्हणजे जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, सकाळी सात ते नऊ लिलाव चाले, असे त्याने लिहून ठेवले आहे. अरबी घोडे, मसाले, गालिचे यांच्याबरोबर तिथे स्त्री-पुरुष आणि मुलेही विकली जात, आणि तीही गुराढोरांसारखी. सगळी माणसे आफ्रिकेतलीच होती असेही नाही. बंगालपासून चीन-जपानपर्यंतची माणसे गोव्यात गुलाम म्हणून राबली.

२५ मार्च ही तारीख ब्रिटनच्या १८०७ च्या कायद्यावरून आली आहे. त्या कायद्याने ब्रिटिश जहाजांचा गुलामांचा व्यापार बंद झाला, गोव्यातला नव्हे. पोर्तुगालने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८६९ मध्ये रद्द केली खरी, पण सुटका झालेल्यांना ‘लिबेर्तु’ असा नवा शिक्का मारून १८७८ पर्यंत मालकाकडेच कामाला बांधून ठेवण्याची सोयही त्याच हुकुमात होती.

ज्यांना जमले ते त्याआधीच घाट चढून पळाले. हल्याळ-यल्लापूरच्या रानांतील सिद्दी समाजात अशा पळालेल्यांचे वंशज आहेत. त्यांतले अनेकजण घरी कोंकणीच बोलतात. उत्तर कन्नडमधल्या या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावे लागले.

पुढच्या वर्षी अमेरिकेचे तक्ते अवश्य लावा, मात्र त्याआधी मुलांना जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीपाशी न्या. दिवाडीच्या फेरीबोटीतून उतरणारी माणसे आजही तिच्याखालून वर येतात. तिथे लिन्सखोतेनचे वर्णन वाचून दाखवा आणि ‘खापरी’ची व्युत्पत्ती सांगा. त्या मुलाला उदाहरण म्हणून पुढे उभे करू नका, त्याच्याकडे वळून बघूही नका. आणि वर्गात याविषयी बोलायला पुढच्या मार्चची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्याच, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला बोला.